पंचांनी विचारलं तर

नथू जात्यावर बसतो हे कोळवण खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणालाच ठाऊक नाही असं त्याच्या आईला वाटत होतं.

आई म्हणजे चंद्राबाई. नवरा पटकीत गेला, मागं भाताची चार खाचरं, एक बैलजोडी आणि हा एकच मुलगा राहिला. पहाटे ती दार लावून घ्यायची, खिडकीवर पोतं टांगायची, आणि मग नथू खुंट्याला हात घालायचा. लहानपणापासूनचा नाद. दगड फिरायला लागला की त्याचं हात झाडणं थांबायचं, खांदे खाली यायचे, चेहरा निवायचा. विशी उलटली तरी तेच. पण शेजारणी काय कानात बोळे घालून निजत होत्या? आमच्याकडं जातं फिरलं की ओवी येतेच. सासूला, दिराला, नशिबाला बोल लावायला बाईला तेवढी एकच जागा असते, ती कशी सोडेल? तेव्हा मुकं जातं म्हणजे जात्यावर बाई नाही. मग कोण, हे सांगायला देवऋषी लागत नव्हता.

आता शहरातले डॉक्टर अशा माणसाला स्वमग्न म्हणतात. ही गोष्ट नवे पैसे चालू झाले त्या सुमाराची. तेव्हा गावाकडं त्याला एकच शब्द होता, बायल्या. त्या एका शब्दात सगळं बसवून टाकायचे. नथू बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघत नाही, खांद्याकडं बघतो, म्हणून बायल्या. ढोल वाजला की कान दाबून माळ्यावर चढतो, म्हणून बायल्या. कुणी पाठीवर थाप मारली की खाजकुइली लागल्यासारखा अंग चोरतो, म्हणून बायल्या. वास्तविक तो आवणीच्या वेळी दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायचा, आणि त्याच्या खाचरातली ओळ दोरी धरल्यासारखी यायची. पण आवण लावणं हे बायकांचं काम, म्हणून तेही त्याच्या खात्यावर वजाच पडलं.

त्याला विचारलं तर तो खरं सांगायचा, ना एक शब्द जास्त ना एक कमी. आणि नेम घालून दिला की तो पाळायचा. एका पावसाळ्यात चंद्राबाई म्हणाली, "नदीवर जाऊ नगंस." पोरगं पुढं उन्हाळा आला, नदीत गुडघाभर पाणी उरलं, तरी जाईना. बैल तहानलेले उभे. शेवटी आई म्हणाली, "आता जा," तेव्हा गेला. गाव हसलं. चंद्राबाई हसली नाही. आपल्यामागं याला सांगणारं कोण, हा एकच घोर तिला होता.

अशा मुलाला कुवार मुलगी कोण देणार? म्हणून पाटाची बाई बघितली. साळूबाई, नांदे गावच्या कुशाबाची बहीण. तिचा पहिला नवरा खोऱ्याच्या वरच्या अंगाला राहायचा. त्याच्या घरी तिनं सहा वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. डाव्या हाताचं एक बोट त्यानं दारात चेंगरलं होतं, ते तसंच वाकडं राहिलं. तो तापानं मेला तेव्हा ती रडली, कारण रडावं लागतं. कुशाबाच्या घरात रिकामी बाई फार दिवस ठरत नसे. त्यानं तिला कोळवणला आणून उभी केली.

पाट अंधारात लागतो, वाजंत्री नाही, वऱ्हाड नाही, चार माणसं आणि एक दिवा. विधवेचं तोंड उजेडात कुणी बघू नये म्हणून केलेली ही रीत. पण नथूला सोसेल असं लग्न जगात तेवढं एकच होतं. ढोल असता तर नवरदेव माळ्यावरून काढावा लागला असता.

पहिल्या दिवसांत साळूबाई भीत होती. हा माणूस हात लावत नाही, म्हणजे मनात काहीतरी धरून आहे, एक दिवस उट्टं काढील, असं तिला वाटायचं. मग तिच्या ध्यानात आलं की त्याच्या मनात तसलं काहीच नाही. तो लांब निजायचा, आणि सकाळी पायरीशी तिच्या वहाणांची जोडी एका रेषेत मांडून ठेवायचा. रोज. कुणी सांगितलं नव्हतं. एकदा तिला ताप भरला तर त्यानं घरातलं सगळं धान्य दळून काढलं, पावशेर नाचणीसुद्धा ठेवली नाही. औषधपाणी त्याला सुचलं नाही, जे येत होतं ते त्यानं केलं. साळूबाई तापातही हसली. तिला त्या घरात पहिल्यांदा हसू आलं आणि त्याचं तिलाच नवल वाटलं.

ती अंगानं थोराड होती. दोन मणाचं पोतं पाठीवर घ्यायची, चिखलणीला बैल हाकायची. तो दळायचा. आणि लोकांची तोंडं बंद करायला तिनं एक युक्ती काढली. पहाटे तो जातं फिरवायला लागला की ती शेजारी बसून भाकरीचं पीठ चाळायची आणि खड्या आवाजात ओव्या म्हणायची. भिंतीपलीकडं रंभाबाई राहायची, गावातली कुठलीही बातमी तिच्या घरावरूनच पुढं जायची. तिलाही महिनाभर चकवा बसला. "नथूच्या घरात आता बाई आली बरं का," असं ती पाणवठ्यावर म्हणाली.

माझं म्हणणं आहे की त्या घरात दोन माणसं सुखी होती. मूल नव्हतं, शेज नव्हती, पण मार नव्हता, दारू नव्हती, आणि संध्याकाळी एका ताटातलं दोघांनी न बोलता खाल्लं तरी ते गोड लागत होतं. बाकीच्या घरांत काय याहून मोठा सोहळा चालू होता? घरोघरी मातीच्याच चुली. पण दुसऱ्याची चूल वेगळी मांडलेली दिसली की आपल्या लोकांच्या डोळ्यात धूर जातो.

भात कापून झालं की खाचरात मेंढ्या बसवायची आमच्याकडं तेव्हा रीत होती. रात्रभर कळप एका शेतात बसला की त्याला खताची गरज राहत नाही. त्या साली धुळा धनगर आला. बायको बानूबाई, दोन लेकरं, एक घोडं, आणि मेंढरं. चंद्राबाईच्या खाचरात त्यानं वाडा टाकला, म्हणजे मेंढरांचा तळ. धुळा बोलायचा तोसुद्धा मेंढरांकडं बघत, माणसाकडं नाही. त्यामुळं नथूला त्याच्याजवळ बसायला अवघड गेलं नाही. धुळ्याच्या हातात चाती असायची, लोकर कातायची. चालता चालता, बसल्या बसल्या ती फिरत राहायची. नथू पहिल्या दिवशी नुसता बघत बसला. तिसऱ्या दिवशी धुळ्यानं चाती त्याच्या हातात दिली. धनगरांत पुरुष कातायला बसला तर कुणी हसत नाही, त्यांच्यात ते पुरुषाचंच काम. एका बांधाच्या इकडं जे बायकी ते बांधाच्या तिकडं मर्दाचं, पण एवढा विचार करायला कुणाला उसंत होती?

त्याच वाड्यात नथूला घोंगडी सापडली. माणसाची बोटं त्याला सोसत नसत, पण वजन त्याला आवडायचं. धुळ्याची जाडजूड घोंगडी चौघडी करून अंगावर टाकली की तो निश्चिंत पडून राहायचा. एके दुपारी वाटेवरून लग्नाची वाजंत्री गेली. नथू कान दाबून ओरडायला लागला. धुळ्यानं त्याला कोकराजवळ आडवं केलं, वर घोंगडी टाकली, आणि घोंगडी सरकू नये म्हणून स्वतः तिच्या कडेवर बसला. बानूबाई तिथंच चुलीला फुंकर घालत होती. पण रंभाबाई बांधावरून गेली तेव्हा बानूबाई तिला दिसली नाही. तिला घोंगडी दिसली.

संध्याकाळपर्यंत गावात झालं की नथू आणि धुळा एका घोंगडीत असतात. दुसऱ्या दिवशी पराचा कावळा झाला. तरीच बायकोला पोर होत नाही. तरीच जात्यावर बसतो. तरीच ढोल ऐकवत नाही. पोरं नथूच्या मागं टाळ्या वाजवत फिरायला लागली. नथूला टाळ्यांचा त्रास व्हायचा, अर्थाचा नाही, अर्थ त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. अर्थ साळूबाईपर्यंत पोचला.

हे सगळं बोलून बोलून विरलंही असतं. पण नथूचा चुलता हैबतराव भावकीतला कर्ता माणूस, आणि त्याच्या मुलीची सोयरीक माण गावात चालली होती. माणकरांनी निरोप धाडला, तुमच्या घरात असं काही आहे म्हणतात, ते आधी काय ते मिटवा. हैबतराव वाईट माणूस नव्हता. दुष्काळात त्यानं चंद्राबाईला भात दिलं होतं, उपकार बोलून न दाखवता. पण लेकीचं लग्न अडलं की भला माणूसही सुरी पाजळतो.

त्यात चंद्राबाईनं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. तीच त्याच्याकडं गेली. "भावजी, चार मान्सांनी त्याला समजवा. बायकूकडं बघ म्हनावं. तो नेम पाळतोय. तुमी सांगितलं तर ऐकंल." तिला नातू हवा होता, आणि नेमानं नातू होईल असं त्या भाबड्या बाईला वाटलं.

हैबतरावानं पंच बोलावले. नांद्याहून कुशाबालाही बोलावणं गेलं. नथू बायकोला नांदवत नाही असं ठरलं, तर काडीमोड. मग बाई भावाच्या घरी जाईल आणि भाऊ तिला दुसरीकडं देईल. कुशाबा आदल्या दिवशीच आला आणि ओसरीवर बसून त्यानं बहिणीला सांगूनही टाकलं, "एक बिजवर हाय माझ्या बघण्यात. दोन बायका गेल्या त्याच्या. घर खाऊनपिऊन बरं हाय."

"कशानं गेल्या?" साळूबाईनं विचारलं.

"आता बाया मरत्यात, तशा गेल्या."

ती उठून परसात गेली. वाकडं बोट दुसऱ्या हातात धरून बराच वेळ गोठ्याच्या कुडाला टेकून उभी राहिली. मग डोळे पुसून नथूकडं गेली. तो शेंगा फोडून दाणे चार चारच्या ओळीत लावत बसला होता.

"अवं," ती म्हणाली, "उद्या पंच तुमाला इचारतील, बायकूला नांदवतूस का. तुमी म्हना, आमी रातचं एकत्र निजतू."

"निजत न्हाई," नथू म्हणाला. "तू भिताडापाशी. मी दारापाशी."

"ते मला ठावं हाय. पर तसं म्हना."

"निजत न्हाई."

तिनं तीन तऱ्हांनी सांगून बघितलं. खोटं वाक्य त्याच्या तोंडातून निघेना. हट्ट नव्हता तो. त्याला ते जमतच नव्हतं, जसं तिला माडावर चढायला जमलं नसतं. शेवटी तिला नदीचा नेम आठवला. वाक्य नको, नुसता नेम घालावा.

"बरं, आयका. नेम हाय. पंचांनी काय बी इचारलं तर 'व्हय' म्हनायचं. येवढंच. दुसरा सबूद काढायचा न्हाई."

"पंचांनी इचारलं तर," नथू म्हणाला.

"व्हय."

"काय बी?"

"काय बी इचारू द्या."

त्यानं मान हलवली. तिनं चंद्राबाईला पुढं बसवून सराव घेतला. "आत्याबाई, तुमी पंच व्हा." चंद्राबाईनं पदर सावरून घोगऱ्या आवाजात विचारलं, "नथू, बायकूला नांदवतूस का?" तो म्हणाला, "व्हय." सासूसुना एकमेकींकडं बघून हसल्या. एवढ्या एका शब्दावर आपलं घर तरून जाईल असं त्या दोघींना वाटलं, आणि मला त्यांचं हसू आठवलं की अजून राग येतो, त्यांचा नाही, ज्यांच्यामुळं अशी तालीम करावी लागली त्यांचा.

सकाळी हैबतरावाच्या पडवीत पंच बसले. मध्ये हैबतराव, एका बाजूला म्हातारा भैरू, तोंडात सदा तंबाखू आणि जिभेवर सदा चावट बोलणं असलेला, आणि भावकीतले आणखी दोघं. खाली अंगणात गावातले तरुण. बायका दाराच्या आड. नथूला पंचांसमोर बसवलं. तो हैबतरावाच्या खांद्याकडं बघत होता.

"नथू, ही साळूबाई तुजी बायकू?"

"व्हय."

"तिला नांदवतूस?"

"व्हय."

हैबतराव जरा घुटमळला. पुतण्याला हे विचारायची त्याला लाज वाटत होती. "नवरा म्हनून जे असतंय, ते समदं?"

"व्हय."

आवाज स्वच्छ होता. अंगणात चुळबुळ झाली. हैबतरावाच्या कपाळावरची आठी गेली, त्यालाही हेच ऐकायचं होतं. माणला निरोप धाडता आला असता, पोरीचं लग्न झालं असतं. कुशाबा म्हणाला, "मंग आमाला कशाला बलावलं?" दाराआड चंद्राबाईनं सुनेचा हात धरला. पंच उठायच्या बेतात होते.

भैरूला मात्र असं कोरडं उठवेना. त्यानं तंबाखूची पिंक टाकली आणि अंगणातल्या पोरांकडं डोळा घालून म्हणाला, "आन त्यो धुळ्या रं? त्याच्यासंग बी समदं तसंच का?"

अंगणातली पोरं खिदळली. भैरूला तेवढंच हवं होतं.

"व्हय," नथू म्हणाला.

हसणं एकदम थांबलं. अर्धवट उठलेला हैबतराव पुन्हा खाली बसला. "नथू, नीट आयकून बोल. धुळ्या धनगरासंग बायकूवानी ऱ्हातूस?"

"व्हय."

अंगणातले चारसहा तरुण उठले आणि काही न बोलता खाचराच्या वाटेनं पळत सुटले. जाताना एकानं दाराशेजारची काठी घेतली. त्यांना कुणी थांबवलं नाही.

साळूबाई दारातून बाहेर आली. पंचांसमोर बाईनं यायचं नसतं, ती आली. "मामंजी, खोटं हाय त्ये! म्याच शिकवलंय त्यास्नी. पंचांनी काय बी इचारलं तर व्हय म्हना, असं म्या सांगितलं. त्यो समद्याला व्हयच म्हननार!"

हैबतरावानं तिच्याकडं बघितलं. "म्हंजे तुला नांदवतो म्हनाला, ते बी शिकवलेलंच?"

खरं म्हणावं तर दोन्ही खरं, खोटं म्हणावं तर दोन्ही खोटं. यातलं अर्धं ठेवून अर्धं टाकता येत नव्हतं, आणि तिच्या लक्षात आलं की ती स्वतःच बोलून बसली आहे.

"त्याला काय कळत न्हाई, मामंजी. घोंगडीचं वजान लागतंय त्याला, येवढंच हाय. त्या बानूबाईला इचारा. बघा, तुमाला दावते." ती नथूसमोर बसली. "अवं, तुमी बैल हाय का?"

नथूनं तिच्या खांद्याकडं बघितलं. ती पंच नव्हती. ती साळूबाई होती.

"न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई म्हनता येतंय की बेस," भैरू म्हणाला.

"तसं न्हाई! म्या इचारलं म्हनून. तुमी इचारा! तुमी पंच हाय, तुमी इचारा त्याला, बैल हाय का म्हनून. येक डाव इचारा!"

पंचांनी एकमेकांकडं बघितलं. दाराआडून चंद्राबाई ओरडली, "इचारा की भावजी, येवढं इचारा!" चार शब्द होते. जिभेला काही फोड आले नसते. पण भर पंचायतीत, गावासमोर, माणसाला तू बैल आहेस का म्हणून विचारायचं? पंचांची काही शान असते. भैरूनंही विचारलं नाही, त्यानं धुळ्याचं विचारलं होतं ते चाललं, हे चालणार नव्हतं.

"हा पोरखेळ न्हाई," हैबतराव म्हणाला.

तेवढ्यात खाचराकडून कुत्र्यांचा गिल्ला ऐकू आला, मग मेंढरांचा, मग बाईचा आवाज. नथूनं कान दाबले आणि तो पुढं मागं डोलायला लागला. त्या पोरांनी धुळ्याला काय केलं ते लोकांनी नंतर पाहिलं. एक पाय गुडघ्यातून गेला होता. आपल्याला का मारताहेत हे तो शेवटपर्यंत विचारत होता, आणि मारणाऱ्यांनी ते सांगितलं नाही, कारण तो शब्द तोंडानं उच्चारायची त्यांना लाज वाटत होती. दिवस मावळायच्या आत बानूबाईनं त्याला घोड्यावर बांधला, लेकरं पुढं घातली आणि कळप घेऊन पूर्वेला निघून गेली. पुढं कुठला धनगर आमच्या खोऱ्यात मेंढ्या बसवायला आला नाही. मग शेतं पिकत नाहीत म्हणून गावानं बरीच वर्षं देवाला बोल लावला.

पडवीत मात्र सगळं रीतीनं झालं. हैबतरावानं भाताच्या काडातून एक काडी ओढली. रीत अशी की नवऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. त्याशिवाय काडी मोडत नाही.

"नथू," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज मऊ होता, "साळूबाईला मोकळी करायची. मंजूर हाय?"

साळूबाई म्हणाली, "न्हाई म्हना. अवं, न्हाई म्हना!"

तिचं म्हणणं नथूच्या कानावर पडलं. त्याच्या कपाळावर घाम आला. दोन नेम झाले होते, आणि पहिला काढून घेतल्याचं तिनं सांगितलं नव्हतं. नदीचा नेम काढताना आईनं "आता जा" असं म्हटलं होतं. साळूबाईला त्या घाईत ते सुचलं नाही. सुचायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, तुमच्या घरावर बुलडोझर येऊ दे, मग बघू तुम्हाला काय सुचतं.

"मंजूर हाय का?" हैबतरावानं पुन्हा विचारलं.

"व्हय," नथू म्हणाला.

त्याच्या हातात काडी दिली, मोड म्हटलं. त्यानं ती बरोबर मध्यावर मोडली. दोन्ही तुकडे सारखे भरतात का ते जमिनीवर शेजारी शेजारी ठेवून बघितलं. भरत होते. कुशाबा उठला, साळूबाईचं गाठोडं त्यानं सकाळी येतानाच आणून आत ठेवलं होतं, ते घ्यायला गेला, आणि आला तेव्हा त्याच्या मागं चंद्राबाई भिंत धरून खाली बसलेली दिसली. ती रडत नव्हती. नेम घालायला आता ती एकटीच उरली होती आणि ती साठीला आली होती.

साळूबाई अंगणात उतरली. सगळे तिच्याकडं बघत होते. ती ओरडेल, शिव्या देईल, असं त्यांना वाटलं. ती वळली. काडी मोडली होती, आता तो तिचा नवरा नव्हता, नाव घ्यायला हरकत नव्हती.

"नथू," ती म्हणाली, "म्या जाऊ?"

"न्हाई," नथू म्हणाला.

सगळ्या अंगणानं ऐकलं. हैबतरावानं धोतराचा सोगा झटकला. "आता त्याला काय इचारतीस," तो म्हणाला. "झालं न्हवं का."

तिनं पुन्हा विचारलं. "नथू, म्या जाऊ का रं?"

"न्हाई. हितं ऱ्हा."

कुशाबानं तिचा दंड धरला, आणि ती दोघं नांद्याच्या वाटेला लागली.